खडीपासून चुनखडीच्या साठ्यापर्यंत : आमची वाटचाल

सोलापूरच्या पायाखाली सगळा काळा पाषाण. त्यामुळे अक्कलकोट रोड एमआयडीसीतली आमची लॅब सुरू झाली ती खडी, सिमेंट आणि बोअरच्या पाण्यावर. चुनखडी आली पलीकडच्या कलबुर्गी-शहाबाद-वाडी पट्ट्यातून. गिऱ्हाईक पिशवीभर तुकडे आणून विचारायचं, "कॅल्शियम ऑक्साइड किती?" उत्तर बरोबर असायचं, पण त्या पिशवीपुरतंच.

आता आम्ही ड्रिलिंगचा कोअरच, म्हणजे भोकातून निघणारा दगडाचा गोल दांडाच मागतो, भोक क्रमांक आणि खोलीसह. तो उभा चिरून अर्धा पेटीत राहतो. उरलेला जॉ क्रशरमधून काढून, 105 अंशांवर वाळवून, रिफल स्प्लिटरने (समान वाटे करणाऱ्या पेटीने) विभागायचा आणि 75 मायक्रॉनपर्यंत दळायचा. ईडीटीए टायट्रेशनमध्ये, म्हणजे रसायन थेंबाथेंबाने घालून मोजताना, पीएच 10 ला कॅल्शियम-मॅग्नेशियम एकत्र मोजले जातात, 12 च्या वर फक्त कॅल्शियम. मॅग्नेशियम वजाबाकीने निघतं, म्हणजे दोन्ही मोजमापांतली चूक त्याच्याच खात्यावर. म्हणून ते एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या यंत्रावर) पुन्हा पाहतो, शिवाय काही नमुने नंबर बदलून दुसऱ्यांदा लावतो.

एवढा अट्टाहास का? एक टन क्लिंकरला, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भट्टीतल्या गोळ्यांना, साधारण दीड टन दगड लागतो, कारण भट्टीत कार्बन डायऑक्साइड उडून जातो. दगडातला 4 टक्के मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) क्लिंकरमध्ये 6 च्या घरात पोचतो, आणि साध्या सिमेंटची कमाल मर्यादाच 6 आहे. सरासरी 2.8 दिसणाऱ्या खाणीतही डोलोमाइटचा (मॅग्नेशियम जास्त असलेल्या दगडाचा) एखादा पट्टा 7 टक्क्यांचा निघतो. म्हणून आमच्या अहवालात सरासरी सगळ्यात शेवटी येते.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे भेगांत भरलेली माती. ड्रिलिंगच्या पाण्याने ती धुऊन जाते, कोअर स्वच्छ दिसतो, पण लोडर ती दगडाबरोबरच उचलतो आणि सिलिका वाढते. कोअर 80 टक्केच हाती आला असेल, तर हरवलेले 20 टक्के चांगलेच होते असं धरून चालू नये.

घनतेचंही तसंच. 40 हेक्टर, 15 मीटर जाडी, घनता 2.6 धरली तर 1.56 कोटी टन, मोजून 2.4 निघाली तर 1.44 कोटी. 12 लाख टन कागदावरच होते! खाणींच्या 2015 च्या लिलाव नियमांत आगाऊ रक्कम आणि कामगिरी हमी, दोन्ही साठ्याच्या अंदाजित किमतीच्या 0.50 टक्के ठरल्या, म्हणजे नसलेल्या टनांचेही पैसे आधी भरायचे. लिलावातला प्रीमियमही (बोलीत कबूल केलेला टक्का) जाहीर झालेल्या सरासरी विक्रीदरावर लागतो. तुमचा दगड कमी प्रतीचा निघाला म्हणून तो कमी होत नाही.

त्यामुळे प्रकल्प अहवालासाठी आम्ही बाकांनुसार (खाणीतल्या पायऱ्यांनुसार) तक्ता देतो आणि पहिल्या तीन वर्षांत खणायचा भाग वेगळा काढतो. कर्जाचे हप्ते तेव्हाच सुरू होतात, पंधराव्या वर्षीचा उत्तम दगड ते भरायला येत नाही. त्या भागात भोकं दाट घ्यायला सांगतो. ड्रिलिंगचा खर्च पाहून काहीजण कुरकुरतात. त्यांना एवढंच म्हणतो, आधी क्रशरचं कोटेशन घेऊन या, मग बोलू.