हळद लागलेली प्लेट

माप पुन्हा घेतलं. ९.५ मिलिमीटर. तीन महिन्यांपूर्वी होतं तेवढंच.

कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात येणारी ही १२ वर्षांची मुलगी. वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे. वरच्या-खालच्या पुढच्या दातांत एरवी २-३ मिलिमीटरच अंतर असायला हवं, हिचं ९.५. तिला ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे आणणारं, काढता-घालता येणारं उपकरण, दिला होता. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. वर एक प्लेट, खाली एक, दोन्हींवर अ‍ॅक्रिलिकचे उतरते ठोकळे. तोंड मिटताना उतार उतारावर बसतो आणि खालचा जबडा पुढे यावाच लागतो. पण हे वाढीच्या वयातच साधतं. ते वय हातचं गेलं, तर पुढे कधीकधी शस्त्रक्रियेवर येतं.

"घालते हो ती, मी रोज बघते," आई म्हणाली.

मी प्लेट दिव्याखाली धरली. लख्ख गुलाबी. ट्विन ब्लॉक जेवतानाही घालायचा असतो, चावण्याचा जोरच तर कामी येतो. आणि आपल्या वरण-भाजीतली हळद अ‍ॅक्रिलिकला धरतेच. कडा पिवळट होतात, उतारांवर घासल्याच्या रेघा उमटतात. हिचे उतार नव्यासारखे गुळगुळीत होते.

आईंना जरा बाहेर बसायला सांगितलं. बराच वेळ मुलगी बोलेना. मग म्हणाली, "शाळेत पाठांतर स्पर्धा आहे, काकू. हे घातलं की 'स' नीट येत नाही, थुंकी उडते. मुली हसतात."

मला स्वतःचाच राग आला. तीन महिने सगळ्या सूचना मी तिच्या आईला देत होते. प्लेट जिच्या तोंडात, तिला बोलताना कसं वाटतं हे एकदाही विचारलं नव्हतं. बोलणं थोड्या दिवसांत सुधारतं, पण त्यासाठी प्लेट तोंडात राहायला हवी.

खुर्चीतच सुरुवात केली. "म्हण, सदाशिव, शनिवार, शुक्रवार, सोमवार." पुण्याच्या पेठा यासाठी अगदी योग्य! पहिल्या फेरीला थुंकी उडाली, ती लाजली. मीही तिच्याबरोबर म्हणू लागले. सहाव्या-सातव्या फेरीला 'सोमवार' स्वच्छ आला. बाहेर पेशंट खोळंबले होते, खोळंबू दिले. रोज दहा मिनिटं मोठ्यानं पेपर वाचायचा, असं ठरलं. स्पर्धेपुरती मात्र प्लेट डबीत.

दीड महिन्यानं दोघी आल्या. आईंच्या चेहऱ्यावर काळजी. "कितीही घासली तरी पिवळी ती पिवळीच, डॉक्टर."

मुलीनं प्लेट काढून माझ्या हातावर ठेवली. मी माप घेतलं. ७.५.