‘ॲट’ला हात लावायचा नाही

आमच्या इंग्रजीच्या सरांनी ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ या प्रिपोझिशनांचे अर्थ कधी घोकून घेतले नाहीत. हे शब्द बसवायचे कुठे, यावरच त्यांचा सगळा भर. बरोबरच होतं, पोरांच्या वह्या आजही तिथेच लाल होतात.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या शेवटी चिकटतं, इंग्रजीत प्रिपोझिशन नामाच्या आधी येतं, म्हणून इंग्रजी करताना शेवटून उलटं यायचं. ‘वावरातल्या विहिरीत’ घ्या. आधी शेवटच्या ‘त’चा ‘इन’, मग ‘द वेल’, मग ‘तल्या’चा ‘इन’, शेवटी ‘द फील्ड’. विशेषण मात्र उलटत नाही: ‘जुन्या विहिरीत’चं ‘इन द ओल्ड वेल’च होतं.

खरी गोम प्रश्नात आहे. ‘कशाकडे बघतोस?’ यातला ‘कडे’ ‘कशा’ला धरूनच पुढे येतो. मग पोरगं लिहितं, ‘व्हॉट आर यू लुकिंग?’ आणि ‘ॲट’ गायब! यावर सरांचा तोडगा असा: आधी फळ्यावर पूर्ण उत्तर लिहायचं, ‘आय ॲम लुकिंग ॲट द बुल.’ त्यातलं फक्त ‘द बुल’ पुसायचं, त्याच्याऐवजी ‘व्हॉट’ वाक्याच्या तोंडाशी न्यायचं आणि ‘आय ॲम’चं ‘आर यू’ करायचं. ‘ॲट’ जागचा हलवायचा नाही. ‘द स्कूल आय स्टडीड इन’ हेही याच पुसापुशीतून निघतं. तिथे ‘इन’ पुढे न्यायचाच असेल तर ‘इन विच’ लिहा, ‘इन दॅट’ चालत नाही. ‘अ चेअर टू सिट ऑन’मधला ‘ऑन’ तर निम्मा वर्ग खातो.

मोटर बंद करायची तर ‘टर्न ऑफ द मोटर’ आणि ‘टर्न द मोटर ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आला की ‘टर्न इट ऑफ’च. कारण हा ‘ऑफ’ क्रियापदाचा जोडीदार आहे, नामाचा नाही. ‘लुक ॲट इट’मधला ‘ॲट’ नामाचा, म्हणून ‘लुक इट ॲट’ होत नाही.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन दिसलं की काही जण अजून गुण कापतात. कवी जॉन ड्रायडननं १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनला याच कारणावरून नावं ठेवली होती. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. अर्जात ‘टू हूम’ शोभतं, बोलताना ‘हू आर यू टॉकिंग टू?’ म्हणावं. प्रश्नाची सुरुवात ‘टू हू’नं मात्र करू नये.