आमची वाटचाल : विमान धुणं म्हणजे गाडी धुणं नव्हे

प्रेशर पंपाचा शून्य अंशाचा लाल नोझल, म्हणजे न पसरता एकाच जागी धार मारणारी तोटी, आपल्या शेडमध्ये येणार नाही, हा नियम काकांनी विमानं धुण्याचा धंदा सुरू करण्याआधीच घातला होता. तो आजही तसाच आहे. पिवळा 15 अंशांचा, हिरवा 25 चा, पांढरा 40 चा. विमानाच्या अंगावर फक्त पांढरा चालतो, तोही हातभर लांबून आणि तिरका धरून. हिरवा सुट्या भागांसाठी. लाल नोझलची धार ट्रकच्या चासीवरचा वाळलेला चिखल उडवते, पण विमानाच्या पत्र्याच्या जोडातलं सीलंटही उचकटते आणि सील ओलांडून बेअरिंगमध्ये पाणी घालते. ते पाणी त्या दिवशी कोणाला दिसत नाही.

काका म्हणजे आमचे भागीदार. नाशिकजवळच्या ओझरला हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन ते भोसरीत मुलाकडे राहायला आले, तेव्हा मी तिथे टेम्पो-ट्रक धुण्याचं सर्व्हिसिंग सेंटर चालवत होतो. दोन-तीन दिवस नुसते कट्ट्यावर बसून बघत राहिले आणि मग म्हणाले, "पोरा, पंप चांगला आहे तुझा. पण तू तो चिखलावर वाया घालवतोयस." त्यांच्या फंडातले थोडे पैसे आणि माझा पंप, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. पहिलं काम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलच्या सेसना 172 विमानांचं मिळालं.

शाळेचं विमान धुतलेल्या माणसालाच त्याचं पोट किती घाण असतं ते कळतं. इंजिनचं तेल आणि एक्झॉस्टची काजळी पोटाखालून शेपटीपर्यंत पसरलेली. एव्हीगॅसमध्ये, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये, शिसं असतं, त्याची राखाडी पुटं वेगळीच. वर आमच्याकडची तांबडी धूळ. नुसत्या प्रेशरने यातलं काहीच निघत नाही. साबण खालून वर लावत जायचा, म्हणजे कोरड्या मळावर ओघळ उतरून डाग पडत नाहीत. थोडं मुरू द्यायचं, मऊ ब्रश फिरवायचा आणि मग वरून खाली भरपूर पाणी सोडायचं. हे सगळं ऊन चढायच्या आत. पत्रा तापला की साबण जागच्या जागी वाळतो. काचा खऱ्या तर अ‍ॅक्रिलिकच्या असतात. त्यांना अमोनियावालं ग्लास क्लीनर लावलं तर बारीक तडे जातात. तिथे अंगठ्या काढून, आधी नुसतं पाणी ओतून तळहाताने धूळ सोडवायची. प्रोपेलरच्या हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागावर, गन धरायचीच नाही.

आणि झाकणं. पाण्याआधी झाकणं, म्हणजे विमानाच्या उघड्या भोकांत पाणी शिरत नाही. 172 ची वेग मोजणारी पिटो नळी डाव्या पंखाखाली, उंची आणि वेगासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारं भोक म्हणजे स्टॅटिक पोर्ट डाव्या अंगाला दरवाजाच्या पुढे, वेग फार कमी झाल्याचा इशारा देणाऱ्या स्टॉल वॉर्निंगचं भोक डाव्या पंखाच्या कडेला, टाकीचा व्हेंट म्हणजे हवा जायचं भोकही त्याच बाजूला. काकांनी सागाची एक फळी केली. तिच्यावर प्रत्येक झाकणासाठी एक खिळा आणि खिळ्यामागे त्या झाकणाचा आकार पांढऱ्या रंगात काढलेला. झाकण विमानावर असेल तोवर फळीवर पांढरा आकार उघडा दिसतो. सगळे आकार झाकले गेल्याशिवाय आमच्याकडचा पोरगा सही करत नाही, आणि त्याच्या सहीखाली स्कूलच्या एएमईची, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरची, सही झाल्याशिवाय आमची गाडी हँगरबाहेर पडत नाही.

चिकटपट्टी मात्र कधीच नाही. 2 ऑक्टोबर 1996 च्या रात्री लिमाहून निघालेलं एरोपेरूचं 603 क्रमांकाचं बोइंग 757 समुद्रात पडलं, 70 माणसं गेली. विमान धुऊन पॉलिश करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. वैमानिकांना ना उंची खरी दिसत होती, ना वेग. काकांनी ही हकिकत प्रत्येक नव्या पोराला पंपाला हात लावण्याआधी सांगितली. ते गेल्यावर आता मी सांगतो.

मधली वर्षं बरी गेली. भोसरीत शेड मोठी केली, चाकं आणि ब्रेक हाउसिंगचं काम यायला लागलं.

मग तो माणूस आला. नाव घेत नाही. वॉशिंग सेंटरच्या साखळीतून आलेला, पाण्याचा टँकर स्वतःचा, पोरं रोजंदारीची. आमच्या निम्म्या दराने त्याने आमची तिन्ही मोठी कामं एका हंगामात उचलली. आम्ही सकाळभर एका विमानावर असायचो, तो तेवढ्यात चार मोकळी करायचा. मालकांना चकचकीत विमान आणि छोटं बिल दिसलं. मी प्रत्येकाकडे जाऊन समजावलं की तो गाडीचा कॉस्टिक फोम वापरतो, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं, पत्रा काळा पडतो, आणि रिव्हेटच्या रांगेत शिरलेलं ते द्रावण महिनोन्‌महिने काम करत राहतं. एका ठिकाणी अकाउंट्समधल्या साहेबांनी मला बसायलाही न सांगता ऐकवलं, "साबणाला साबण. तुम्ही उगाच शास्त्र लावता."

शास्त्र लावतोच. विमानाच्या क्लीनरला धातू खातो का, अ‍ॅक्रिलिकला तडे देतो का, लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याच्या, पोलादात हायड्रोजन शिरवून ते ठिसूळ करतो का, याच्या वेगवेगळ्या चाचण्या असतात. त्या पास झालेला डबा महाग पडतो. त्या डब्याचे पैसे बिलात दिसतात, वाचलेला पत्रा बिलात दिसत नाही.

त्याच काळात एका जुन्या ग्राहकाने वर्षभराची बाकी थकवली. बँकेचा हप्ता चुकला. घरातलं सोनं गहाण गेलं. शेडमधल्या सात पोरांपैकी पाच काम सोडून गेली, त्यातली दोन त्याच माणसाकडे. त्यांना मी दोष देत नाही, घरं त्यांनाही आहेत. पण त्याने त्यांना आमच्या फळीची नक्कल करायला लावली आणि खिळ्यांवर झाकणं कायमची अडकवून ठेवली, गिऱ्हाईक आलं की दाखवायला. हे त्या पोरांपैकीच एकाने मला येऊन सांगितलं. पैसे गेले त्याचं मला आता काही वाटत नाही. हे मात्र अजून जात नाही.

त्या वर्षी आम्ही तगलो ते मॅडममुळे. त्या एका छोट्या फ्लाइंग स्कूलच्या मुख्य एएमई. त्यांच्या मालकांनीही दर बघून काम त्या माणसाला दिलं होतं. एका धुण्यानंतर त्यांनी जॅक लावून चाक उतरवलं. बेअरिंगमधलं ग्रीस दुधाळ झालेलं, रोलरवर गंजाचे ठिपके. नोज गिअरच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या सांगाड्याच्या, जोडांतलं ग्रीस तर धुऊनच गेलेलं, आणि धुतल्यावर ते पुन्हा भरायला कोणाला सांगितलेलंही नाही. मॅडमनी सही नाकारली. विमान उभं राहिलं, मालक चिडले, त्या हलल्या नाहीत. मालकांसमोर त्यांनी पेर्पिन्यांची गोष्ट ठेवली. नोव्हेंबर 2008 मध्ये फ्रान्समधल्या त्या गावी एक एअरबस ए-320 रंगकामाच्या वेळी धूळ घालवायला गोड्या पाण्याच्या होजने धुतलं. अँगल ऑफ अटॅकचे, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन मोजणारे, सेन्सर झाकले नव्हते. आत शिरलेलं पाणी उंचीवर गोठलं, तीनपैकी दोन सेन्सर अडकले. वैमानिकांनी कमी उंचीवर कमी वेगाची चाचणी घेतली आणि विमान समुद्रात गेलं. सात माणसं. त्या अपघाताच्या चौकशीत हे सगळं लिहिलेलं आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून मॅडमची चाकं, काउलिंग म्हणजे इंजिनवरची आवरणं, आणि पाठोपाठ विमानं आमच्याकडे आली. बिल दिल्यावर पंधरा दिवसांत पैसे. एकदा त्यांनी आगाऊ चेक पाठवला, सोबत चिठ्ठी, 'सॉफ्टनरची राळ बदलून घ्या, पांढरे डाग दिसताहेत.' सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र. त्या पैशातून त्यातली राळ बदलली.

त्यावरून सांगतो. या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, पंपाच्या आधी सॉफ्टनर घ्या. भोसरीचं काय, बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं, आणि क्षार सुकून सांध्यात बसले की तुम्ही धुतलं नाही, मीठ लावलंत. गरम ब्रेकवर पाणी मारू नका. कार्बन ब्रेक असतील तर झाकूनच ठेवा, साबण त्यांना सोसत नाही. जेट विमानाचं काम मिळालं तर स्कायड्रॉलसाठी, म्हणजे कातडीला आणि डोळ्यांना झोंबणाऱ्या हायड्रॉलिक द्रवासाठी, हातमोजे आणि चष्मा, पोरं घालायला कंटाळली तरी. आणि धुवून झाल्यावर ग्रीसिंग कोण करणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

आता आमच्या शेडमध्ये मुख्य काम सुट्या भागांचं आहे. चाकाचे दोन्ही अर्धे एडी करंट तपासणीला, म्हणजे विजेच्या प्रवाहाने भेगा शोधायला, जाण्याआधी आमच्याकडे येतात. बीड सीटमध्ये, म्हणजे टायरची कड चाकावर बसते तिथे, रबराचा आणि ब्रेकच्या धुळीचा जो थर असतो, तो ओरखडा न उठवता काढावा लागतो. त्या जागी ओरखडा आणि भेग यांत तपासणाऱ्याची फसगत होऊ शकते. म्हणून तारेचा ब्रश नाही, नायलॉनचा. बेअरिंगचे कप प्रेशरखाली जात नाहीत, ते वेगळ्या ट्रेमध्ये सॉल्व्हंटने हाताने. कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा चढवलेले बोल्ट वेगळे, कारण ते पाणी नाल्यात सोडायचं नसतं. त्यासाठी छोटा ट्रीटमेंट प्लांट बसवला, त्याचं कर्ज अजून फिटतंय.

ती तीन मोठी कामं परत आली नाहीत. तो माणूस अजून तिथेच आहे. गेल्या वर्षी त्यातल्या एका ठिकाणी नवी निविदा निघाली, तेव्हा आम्हीही भरली. अर्जात प्रति विमान दराचा रकाना होता. क्लीनर कोणता, झाकणांची तपासणी कोण करणार, धुतल्यानंतरचं ग्रीसिंग कोणाकडे, हे विचारणारा एकही रकाना नव्हता. ते तीन रकाने वाढवावेत असं आम्ही निविदेसोबत पत्र जोडलं. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे.