वयाचा रकाना: रोल प्लेयरांच्या वहीचं तिसरं वर्ष

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या रोल प्लेयरांची (स्टार नसलेल्या, संघात ठराविक काम करणाऱ्या खेळाडूंची) वही ठेवायला लागलो त्याला हा तिसरा सीझन. पहिली दोन वर्षं नावापुढे फक्त 'लीगमधलं कितवं वर्ष' एवढंच लिहायचो. यंदा जन्मतारखेचा रकाना सगळ्यात आधी घेतला आणि जुन्या नोंदी चाळताना बरीच मतं खोडावी लागली.

2006 च्या ड्राफ्टपासून (संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) नियम आहे की त्या वर्षात खेळाडूला 19 पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे एक जण विसाव्या वर्षी दुसरा सीझन खेळतो, तर डेरिक व्हाइट दुसऱ्या सीझनला 24 चा होता. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणं हा सरळ अन्याय. त्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्यांच्या करारात तिसऱ्या वर्षाचा टीम ऑप्शन (खेळाडूला पुढे ठेवायचं की नाही हा संघाचा हक्क) संघाला दुसरा सीझन जेमतेम सुरू होतानाच ठरवावा लागतो. एकोणीस वर्षांच्या पोराचा एकच सीझन बघून! माझ्या वहीला तेवढी घाई नाही, म्हणून विशीच्या आतल्यांवर मत नोंदवणं मी तीन सीझन पुढे ढकललंय. तोवर फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटची, टक्केवारी लिहितो (तीन पॉइंटचा शॉट पुढे सुधारेल का, याचा अंदाज तिच्यावरून बरा येतो) आणि डिफेन्समध्ये तीच चूक पुन्हा होतेय का ते बघतो. तेविशीच्या पुढच्यांसाठी प्रश्न एकच: सामना अटीतटीचा असताना चौथ्या क्वार्टरला कोच त्याला मैदानावर ठेवतो का?

सगळ्यात जास्त वेळ गेला पी. जे. टकरच्या पानावर. 2006 मध्ये तो बिग ट्वेल्व्ह या कॉलेज संघांच्या गटाचा सर्वोत्तम खेळाडू, ड्राफ्टमध्ये 35 वा. टोरंटोत 17 सामने, मग थेट परदेश. फिनिक्सकडून खेळायला एनबीएत परतला तेव्हा 27 चा होता, आणि कॉलेजात टोपलीखाली पॉइंट करणारा हा माणूस आता समोरच्याचा मुख्य स्कोअरर अंगावर घेत होता, कोपऱ्यात उभा राहून थ्री (तीन पॉइंटचे शॉट) मारत होता. 2021 मध्ये मिलवॉकीबरोबर विजेता झाला तेव्हा वय 36. त्याच संघातला ब्रूक लोपेझ तर आधी ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक स्टार खेळाडूंपैकी एक. पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून त्याचे थ्री फक्त 3, आणि 2016-17 च्या एका सीझनमध्ये 134.

या दोन पानांमुळे माझं मत पक्कं झालं की रोल प्लेयर घडायला वेळ लागतो तो निव्वळ कौशल्यासाठी नाही. कॉलेजात बॉल कायम ज्याच्या हातात असायचा, त्याला बॉलशिवाय उपयोगी पडणं मनापासून पटायला वर्षं जातात. विसाव्या वर्षी ते कुणाला पटलं नाही, तर त्यात त्याचा दोष मी धरत नाही.

आता उरलेत सेंटर, म्हणजे टोपलीजवळ खेळणारे उंच खेळाडू. त्यांना आणखी उशीर लागतो असं वाटतंय. टायसन चँडलर 2001 मध्ये हायस्कूलमधून थेट दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि सर्वोत्तम डिफेंडर ठरला 2012 मध्ये. पुढच्या आठवड्यात त्याच्या पानापासून सुरुवात.