डस्टी आणि जिन्यातला माइक

२ मार्च, रात्री

१९९९ साली आजच्याच तारखेला ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड गेली. साठी पूर्ण व्हायला जेमतेम दीड महिना उरला होता. संध्याकाळपासून तिचीच गाणी लावून बसले आहे, स्वयंपाकही त्यातच उरकला.

खरं नाव मेरी ओब्रायन. जन्म १९३९ चा, लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधला, घर आयरिश कॅथलिक. वडील हिशेबनीस. ते लेकीच्या हातावर बोटांनी ठेका धरायचे आणि विचारायचे, सांग कुठलं गाणं? शब्द नाहीत, सूर नाही, नुसता ठेका. तिच्याबद्दल वाचलेल्या सगळ्यात हीच गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. पुढे ती शब्द जरासा मागे रेंगाळू देते आणि तरी लय कुठे सुटत नाही, तेव्हा मला हटकून ती बोटं आठवतात.

भावाबरोबरचा ग्रुप, १९६३ मध्ये एकटीने गायला सुरुवात, १९६४ च्या १ जानेवारीला ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या ब्रिटिश टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात हजेरी. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. सोनेरी केसांचा तो मनोरा आणि डोळ्यांतलं ढीगभर काजळही सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरचं जास्त अप्रूप आहे. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचा करार करतानाच तिने अट घातली होती की गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळं बसवलं जाईल तिथे मी गाणार नाही. केपटाउनजवळ ती मिश्र प्रेक्षकांसमोर गायली आणि तिथल्या सरकारने तिला देशाबाहेर काढलं. वय पंचवीस! करिअर नुकतं कुठे रुळावर येत होतं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश टीव्हीवर तिने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कृष्णवर्णीय कलावंतांचा खास कार्यक्रम सादर केला. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर, सगळे त्यात होते. ज्यांच्याकडून शिकली, त्यांना तिने आपल्या प्रेक्षकांसमोर आणून उभं केलं.

आणि हीच बाई माइकसमोर मात्र थरथरायची.

१९६६ मध्ये तिचं एक गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. चाल मुळात इटालियन, पिनो दोनाज्जिओची. इंग्रजी शब्द लिहिणारे दोघं पेशाने गीतकार नव्हतेच, घाईघाईत लिहून मोकळे झाले. स्टुडिओत तिला स्वतःचा आवाज पटेना. शेवटी माइक जिन्यात नेला, कारण तिथे आवाज छान घुमत होता. ती जिन्यात उभी राहून गायली, एकदा नाही, ४७ टेक झाले म्हणतात, म्हणजे तितक्यांदा रेकॉर्डिंग. मी ते गाणं आज पुन्हा हेडफोन लावून ऐकलं. शेवटाकडे सूर वर चढतो तिथे आवाज फाटेल की काय असं वाटतं, आणि फाटत नाही. एवढ्या टेकनंतरही ती ओळ आत्ताच सुचल्यासारखी येते.

१९६८ मध्ये मेम्फिसला तर कहरच. निर्माता जेरी वेक्सलर, म्हणजे सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतातल्या थोर गायिकेला, अरीथा फ्रँकलिनला गाजवणारा माणूस. अमेरिकन साउंड स्टुडिओ, आणि मोठमोठे सोल गायक जिथे गाऊन गेले ती जागा. डस्टीची बोबडीच वळली. वादकांनी आपलं काम केलं, तिचं गाणं मात्र शेवटी न्यूयॉर्कला जाऊन रेकॉर्ड करावं लागलं. अल्बमच्या नावात मेम्फिस आणि आवाज न्यूयॉर्कचा! त्यातलं पाद्र्याच्या मुलाचं गाणं आधी अरीथासाठी पाहिलं गेलं होतं. डस्टी ते जवळजवळ कानात सांगितल्यासारखं गाते, कुठे जोर म्हणून लावत नाही. भीतीने आवाज आखडतो हा आपला अनुभव. तिचा मात्र मऊ होत गेला, हे कसं ते मला अजून उलगडलेलं नाही. अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. आज थोर अल्बमांच्या याद्यांमध्ये तो हमखास असतो, पण तिला त्याचा काय उपयोग?

सत्तरच्या दशकाबद्दल फार लिहिवत नाही. अमेरिकेतला मुक्काम, दारू, गोळ्या, पडलेले अल्बम. त्याआधी १९७० मध्येच एका मुलाखतीत तिने सांगून टाकलं होतं की आपल्याला पुरुषांइतकंच बायकांचंही आकर्षण वाटू शकतं. त्या काळात कुठल्या पॉपस्टारची ही टाप होती? १९८७ मध्ये पेट शॉप बॉइज या इलेक्ट्रॉनिक पॉप वाजवणाऱ्या ब्रिटिश जोडीने तिला आपल्याबरोबर गायला आग्रहाने बोलावून घेतलं आणि ते गाणं ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. त्यात ती आली की त्या यंत्रांच्या खडखडाटातही माणूस आल्यासारखं वाटतं.

नंतर नॅशव्हिलला केलेला शेवटचा अल्बम, १९९५ चा. मी तो अजून नीट ऐकलेलाच नाही. त्याच सुमारास तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं, हे माहीत असल्यामुळे लावायचा टाळते बहुतेक. उद्या सुट्टी आहे, लावून बघते.