तुम्ही विचारलेत म्हणून: बिडी सोडायला औषध कशाला?

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात मी दर गुरुवारी बिडी-तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना भेटते, हे कळले की परिचित हटकून विचारतात, "मनाचा निश्चय असला की व्यसन सुटते; मग या लोकांना फुकट औषध कशाला?" हा प्रश्न पूर्वी मीही विचारीत असे, आणि तोही समोर बसलेल्या माणसालाच.

हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडल्यावर हमालीला लागलेले एक काका बिडी सोडायची म्हणून माझ्याकडे तीनदा आले. डोळे उघडताच पहिली बिडी लागते, असे ते सांगत. उठल्यापासून अर्ध्या तासात बिडी लागणे ही तंबाखूतल्या निकोटीनच्या तीव्र सवयीची खूण आहे, हे मला ठाऊक होते. तरीही दोन वेळा मी त्यांना निश्चयाचाच उपदेश केला. तिसऱ्या वेळी बिडीची तलफ कमी करणारे औषध म्हणून २ मिलिग्रॅमच्या निकोटीन च्युइंगमची पट्टी त्यांच्या हातात ठेवली, पण बाहेर रांग खोळंबली होती म्हणून ते कसे चघळायचे हे सांगितले नाही. ते सावकाश चावून, तोंडात चुरचुरले की गाल आणि हिरडी यांमध्ये दाबून ठेवायचे असते. काकांनी पानासारखे भराभर चावले आणि रस गिळला. घसा जळजळला, उचकी थांबेना. पुढच्या गुरुवारी नऊ गोळ्या उरलेली पट्टी सदऱ्याच्या खिशातून काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, हे आमच्यासारख्यांसाठी नाही." त्यानंतर ते आले नाहीत. बाजारात मी दिसले की बिडी मुठीत लपवून दुसऱ्या गल्लीत वळतात.

बिडीच्या बंडलावर १८००-११-२३५६ हा मदतीचा फोन क्रमांक छापलेला असतो, हे खरे आहे. पण काका दोन-दोन सुट्ट्या बिड्या घेतात. बंडल राहते दुकानदाराकडे. निकोटीनची ही औषधे २०२२ पासून आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरी रोजंदारीवरच्या माणसाला बारा आठवड्यांचे औषध विकत घेणे परवडत नाही, आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्याचा दिवस बुडतो.

औषधाशिवाय सोडणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि औषध घेऊनही पुन्हा बिडीकडे वळणारी त्याहून अधिक. म्हणून निश्चय लागत नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र काकांचा निश्चय कमी पडला असेही मला म्हणवत नाही. तीन वेळा ते आपल्या पायांनी आले होते. त्यांच्या दारी जावे, असे अनेकदा मनात येते, पण मला पाहून त्यांना पुन्हा तो उपदेशच आठवेल, या भीतीने मी अजून गेलेली नाही.