तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, स्वित्झर्लंड का राहिलं

युरोपहून येऊन पाच महिने झाले आणि पॅरिस कसं होतं असं मला अजून एकानंही विचारलेलं नाही. विचारतात ते एकच, स्वित्झर्लंड का नाही केलंत? भिशीत विचारतात, इथं बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना विचारतात, परवा एका लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या बाईनं जिलेबीचं ताट हातात धरून विचारलं. "एवढं लांब गेलात आणि स्वित्झर्लंड सोडून आलात?" जसं काही मी गॅसवर दूध ठेवून आले.

आत्तापर्यंत मी तीन उत्तरं वापरली. एक, तिकडं फार महाग, युरोसुद्धा चालवून घेत नाहीत नीट, त्यांचा फ्रँक वेगळा. दोन, दिवस पुरले नाहीत. तीन, आमच्या यांना उंचीवर गरगरतं आणि ते युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तिन्ही तशी खरी आहेत. पण त्यातल्या एकाहीमुळं स्वित्झर्लंड राहिलं नाही.

पहिला प्लॅन माझा होता. बारा रात्री, पाच देश. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, मग स्वित्झर्लंड, मग इटली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जायचं होतं आणि मी म्हटलं पुन्हा कधी जाणार आहोत आपण, एकदाच तिकिटाचे पैसे घालतोय, एकाच शेंगेन व्हिसावर सगळे देश चालतात, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, मग सोडायचं कशाला? एक्सेल शीट केली, रंग दिले, ट्रेनच्या वेळा मिनिटासकट लिहिल्या. आता ती शीट उघडली की दिसतं, त्यात जेवायला वेळच नव्हता. पण ती शीट करणाऱ्या बाईला मी वेडी म्हणणार नाही. आमच्याकडं माणूस तिरुपतीला निघाला तरी वाटेतले चार देव करून येतोच की.

व्हिसाचा नियम असा आहे की ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडं अर्ज करायचा, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथं आधी उतरणार त्या देशाकडं. एजंट म्हणाला मॅडम, एप्रिल आहे, अपॉइंटमेंटचे स्लॉट एकाच देशाचे मिळतायत (नाव घेत नाही, पाचातलाच एक). तर कागदावर तिथं सात रात्री दाखवू, डमी हॉटेल बुकिंग जोडू, व्हिसा आला की तुम्ही पाहिजे तिकडं फिरा, सगळे असंच करतात. मी हो म्हटलं. यांनी विचारलं होतं, "बरोबर आहे का ओ हे?" आणि मीच म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. शिवाय खात्यात शिल्लक जरा कमी दिसत होती म्हणून दादानं आठवडाभरासाठी चार लाख टाकले. ते स्टेटमेंट आम्ही अभिमानानं जोडलं.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला व्हिसा सेंटरमध्ये गेलो, बोटांचे ठसे दिले, फोटो दिला, दुसऱ्या रात्री परत. आल्या आल्या भिशीत सांगून टाकलं. बायकांनी कौतुकानं मला लोकरीची टोपी आणि मोज्यांचा सेट दिला, मे महिन्यात.

पाकीट आलं ते दुकानावर. दुपारची वेळ, वडगावच्या एक बाई मुलीच्या लग्नाचे शालू बघत होत्या, हे घड्या मोडून दाखवत होते, नणंद गल्ल्यापाशी बसलेली. मी पाकीट फोडलं. माझा पासपोर्ट उघडला, पानं उलटली, कोरी. परत उलटली. वाटलं चिकटली असतील पानं, नखानं सोडवून बघितली. मग यांचा बघितला. आत एकेक छापील कागद होता, कारणांची यादी आणि शेजारी चौकोन, त्यातल्या दोन चौकोनांत खुणा. एक, तुमच्या प्रवासाचा उद्देश आणि तपशील विश्वासार्ह वाटत नाही. दुसरी, व्हिसा संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे.

यांनी मान वर न करता विचारलं, "आला काय?"

मी म्हटलं, "आला."

नणंद म्हणाली, पेढे आण. आणि मी खरंच बाहेर पडून अर्धा किलो कुंदा घेऊन आले. वडगावच्या बाईंनीसुद्धा खाल्ला, म्हणाल्या शुभ झालं, आणि शालू घेतला.

पहिली खूण मला मान्य आहे. खोटंच होतं ते, आणि वाचणाऱ्याला दिसलं. दुसरी अजून जात नाही डोक्यातून. परत येणार नाही म्हणे! दुकानाची किल्ली सख्ख्या भावाकडं द्यायची म्हटलं तरी ज्या माणसाचा हात थरथरतो, जो धारवाडला गेला तरी दुपारी दोनदा फोन करून शटरचं कुलूप ओढून बघायला सांगतो, तो युरोपात लपून राहणार. हे रात्री तो कागद परत परत वाचत बसले. मी म्हटलं झोपा आता. तर म्हणाले, "चोर वाटलो काय ग आपण त्यांना?" मला उत्तर आलं नाही. मीच भरला होता ना तो फॉर्म.

मग लोकांना काय सांगायचं? मी सांगितलं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं, म्हणून पुढं ढकललं. सासूबाईंना विचारलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी गल्लीतल्या बायका मोसंबी घेऊन हजर. सासूबाई बिचाऱ्या बाहेर तुळशीला पाणी घालत होत्या, चांगल्या ताठ उभ्या. माझ्याकडं एकदा बघितलं, कळशी खाली ठेवली आणि लंगडत आत आल्या.

फी परत मिळत नाही. माणशी ९० युरो, शिवाय सेंटरचे वेगळे. दुसऱ्यांदा परत तेवढेच. दोघांचे मिळून ३६० युरो नुसते विचारण्याचे गेले. ठसे तेवढे ५९ महिने चालतात, आणि ठशांबरोबर नकारही त्यांच्या कॉम्प्युटरवर असतोच, म्हणजे लपवायला काही उरलं नव्हतं. या वेळी अर्ज मीच भरला, एजंट नाही. फ्रान्स सहा रात्री, बेल्जियम दोन, नेदरलँड्स तीन, अर्ज फ्रान्सकडं. ॲमस्टरडॅमला उतरायचं आणि पॅरिसहून निघायचं, म्हणजे मागं यायचा खर्च नाही. हॉटेलं खरी, रद्द करता येणारी. तीन वर्षांचे रिटर्न्स, जीएसटीचे कागद, दुकानाचं लायसन, तीस हजार युरोचा विमा, आणि एका पानाचं पत्र, ज्यात पहिला नकार का आला ते मी सरळ लिहिलं. लग्नाचा दाखलाही जोडला. तो कन्नडमध्ये. इंग्रजी भाषांतर करून घेताना कळलं की त्यात माझं माहेरचं आडनाव पंचवीस वर्षं चुकलेलं आहे. आम्हा दोघांपैकी कुणी तो कधी नीट वाचलाच नव्हता, त्या भाषेवरून भांडणं मात्र गावभर ऐकलेली.

(ब्रुसेल्समध्ये प्रत्येक रस्त्याची पाटी दोन भाषांत आहे, फ्रेंच आणि डच. हे प्रत्येक पाटीखाली थांबून फोटो काढायचे. मी म्हटलं चला आता, तर म्हणाले, आपल्याकडच्यासारखी काळं फासलेली एक तरी सापडते काय बघतोय.)

तर या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नव्हतं कारण मला प्लॅन बारीक दिसायला हवा होता. हावरट दिसायला नको होता. एवढंच असतं तर सांगायला लाज नव्हती. पण खरी गोष्ट पुढं आहे.

पॅरिसमध्ये शेवटचे दोन दिवस मोकळे होते. गार द लियों स्टेशनवर कॉफी प्यायला बसलो आणि समोर बोर्डवर जिनिव्हाची गाडी लागलेली. तीन तासांवर. हे म्हणाले, "जाऊया काय? रात्री परत येऊ. त्याच व्हिसावर चालतं म्हणालीस ना?" चालतं. मला नियम पाठ होता, रात्री फ्रान्सच्याच जास्त राहत होत्या, कुणी अडवलं नसतं. पाय उचलला नाही माझा. वाटलं कुणीतरी पासपोर्ट मागेल, तुमच्या कागदात हे नव्हतं म्हणेल, आणि यांचं तोंड परत तसं होईल. मी म्हटलं, गुडघे दुखतायत. गाडी गेली. यांनी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत, नुसती माझी कॉफी संपवली.

आता वाटतं जायला हवं होतं. पुढच्या मिनिटाला वाटतं बरं झालं नाही गेलो. शेजारच्या गल्लीतल्या एका जोडप्याचा व्हिसा त्याच एजंटकडून, तसल्याच डमी बुकिंगवर झाला आणि ते पाच देश करून आले, बर्फातले फोटो स्टेटसला होते. ते बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

सासूबाई अजून रागावून आहेत. परवा देवळात एकीनं त्यांना विचारलं, गुडघा कसा आहे ओ आता, ऑपरेशन कुणाकडं केलंत, माझ्या आईलाही करायचंय. त्यांनी मला हाताला धरून पुढं केलं. "हिला विचार. हिनंच केलंय."